उत्तर लिहून ठेवलंय, तरी सापडंना: डिझाइन विभागाच्या नोंदींची वारंवार येणारी अडचण

संध्याकाळी सव्वासातला फोन आला. "मॅडम, असेंब्ली दुसऱ्या मशीनवर उघडली तर बोल्ट इतका मोठा दिसायलाय की सगळं फिक्स्चरच झाकून गेलंय. काय करू?" (असेंब्ली म्हणजे अनेक भाग जोडून संगणकावर केलेलं मॉडेल, आणि फिक्स्चर म्हणजे मशीनवर जॉब पकडून ठेवणारं साधन.) फोन करणारा लातूरकडून आलेला डिप्लोमाचा मुलगा, आमच्याकडं लागून दोन महिने झालेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फिक्स्चरचं ड्रॉइंग शॉपमध्ये द्यायचं होतं. मी वाळूजच्या ऑफिसातून निघून संभाजीनगरच्या सिडकोतल्या घरी पोचले होते. फोनवर चार मिनिटांत काम झालं.

फोन ठेवल्यावर मात्र चैन पडेना. हे उत्तर आपण कुठंतरी लिहिलंय, एवढं पक्कं आठवत होतं. सकाळी जाऊन सर्व्हर धुंडाळला तर ते एकदा नाही, तीनदा लिहिलेलं निघालं. त्यातलं एक खुद्द माझं. मुलगा आळशी नाही, त्यानं शोधलं होतं. त्यानं टाईप केलं होतं "बोल्ट मोठा". आमच्या नोंदींची नावं होती "टूलबॉक्स कॉन्फिगरेशन मिसमॅच", "हार्डवेअर लायब्ररी सेटअप" आणि "नवीन मशीन इन्स्टॉलेशन चेकलिस्ट". तिसऱ्या नोंदीत तर ते उत्तर चौदाव्या ओळीत बसलेलं. बोल्ट मोठा दिसतोय म्हणून इन्स्टॉलेशनची चेकलिस्ट कोण उघडेल?

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, तिकडं जालना, कुठंही पाच-पंधरा सीटचं डिझाइन ऑफिस असेल तर हा प्रकार ओळखीचा वाटेल. वेगळा आयटीचा माणूस नाही, पीडीएम (ड्रॉइंगच्या फाइली सांभाळणारं सॉफ्टवेअर) घेतलेलं नाही, एक सर्व्हर आणि त्यावर "कॉमन" नावाचं फोल्डर. गेलं दीड वर्ष मी आमच्या कॉमनच्या मागं लागले आहे. त्यातून जे हाती आलं ते इथं मांडते. उदाहरणं सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरची जास्त आहेत, कारण आम्ही फिक्स्चर आणि प्रेस टूल (पत्रा कापायचे-वाकवायचे साचे, म्हणजे डाय) त्यातच करतो. ऑटोकॅडचंही थोडं येईल.

आधी आजार कोणता ते ओळखा

"सापडत नाही" ही एक तक्रार नाही, तीन आहेत. नोंद मुळातच नाही. नोंद आहे पण शोधात येत नाही. नोंद समोर आली पण तिच्यावर विश्वास बसत नाही, म्हणून माणूस फोन करतो. तिन्हींना औषध वेगळं लागतं. आम्ही सुरुवातीला सरसकट एकच औषध दिलं: आणखी नोंदी लिहा. दुसऱ्या प्रकारच्या आजारावर ते औषध उलटं पडतं, कारण शोधायचा ढीग वाढतो आणि उत्तर आणखी खाली जातं.

तपासायची पद्धत साधी आहे. पुढचे दहा प्रश्न कानावर पडतील तसे लिहून घ्या, विचारणाऱ्याच्या तोंडच्या शब्दांत. "असेंब्ली उघडंना." "भोकाचा साईज बदलंना." "प्रिंटमधे अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह यायलेत." त्यांचं प्रमाण मराठी करू नका, इंग्रजीही करू नका. मग तेच शब्द सर्व्हरच्या शोधात टाका आणि प्रत्येकापुढं तीनपैकी कोणता प्रकार ते लिहा. आमच्या दहापैकी सात दुसऱ्या प्रकारात निघाले. दहा प्रश्नांवरून जगाबद्दल काही सांगता येणार नाही, पण आपल्या ऑफिसात कुठं हात घालायचा ते नक्की कळतं.

शोधात का येत नाही

सगळ्यात आधी यंत्राची बाजू बघून घ्या, कारण ती अर्ध्या दिवसात सुटते. विंडोजचा शोध स्वतःच्या मशीनवर इंडेक्स (शब्दांची सूची) बनवून चालतो, आणि नेटवर्कवरचं फोल्डर त्या इंडेक्समध्ये आपोआप येत नाही. त्यामुळे सर्व्हरवरच्या फोल्डरात शोधताना तो बहुतेक वेळा फक्त फाइलचं नाव बघतो, आतला मजकूर बघत नाही. फोल्डर ऑप्शन्समध्ये सर्च टॅबवर जाऊन नावाबरोबर मजकुरातही शोधण्याची खूण करता येते. मग शोध संथ होतो, पण होतो. सर्व्हर विंडोजचा असेल तर त्याच्यावर विंडोज सर्च सर्व्हिस सुरू करून त्या फोल्डरचा इंडेक्स तिथंच करून घेणं जास्त बरं. आम्ही तेच केलं.

दुसरी गोष्ट स्कॅन आणि स्क्रीनशॉटची. एरर आली की फोटो काढायचा आणि नोंदीत चिकटवायचा, ही सवय सगळीकडं आहे. फोटोतली अक्षरं शोधाला दिसत नाहीत. एररचं इंग्रजी वाक्य जसंच्या तसं टाईप करा, फोटो त्याच्या खाली लावा. वाक्यात आपल्या फाइलचं नाव किंवा फोल्डरचा पत्ता आला असेल तर तेवढा भाग काढून टाका, कारण तो पुढच्या माणसाचा वेगळा असणार. सॉफ्टवेअर कंपनीच्या अधिकृत नॉलेज बेसमध्ये शोधतानाही हेच लागू आहे. एररचा न बदलणारा तुकडा अवतरणचिन्हांत टाकला की उत्तरं एकदम कमी आणि कामाची येतात.

तिसरी गोष्ट आपल्या भाषेची. तिच्यावर कुणी फारसं बोलत नाही, म्हणून जरा थांबून सांगते.

आमच्याकडं जुन्या नोंदींचा मोठा गठ्ठा होता. ऑफिसातल्या एका ज्येष्ठ ड्राफ्ट्समन काकांनी वर्षानुवर्षं मराठीत लिहिलेला. ड्रॉइंग बोर्डापासून थ्रीडीपर्यंत आलेला माणूस. कोणत्या डायला क्लिअरन्स किती ठेवला, कोणत्या जॉबला बुश (भोकात बसवायची नळी) का बदलला, सगळं त्यात. पण ते टाईप केलेलं होतं जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला सगळीकडं एकच कोड देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये. पडद्यावर मराठी दिसतं, आत साठवलेले असतात इंग्रजी अक्षरांचे कोड. फॉन्ट असलेल्या मशीनवर वाचता येतं, नसलेल्यावर गिचमिड दिसतं, आणि "बुश" शोधलं तर कुठल्याच मशीनवर सापडत नाही. श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये लिहिलेलं काहीही तुमच्याकडं असेल तर ते युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलणारी साधनं मिळतात, पण जोडाक्षरं आणि आकडे नजरेखालून घालावेच लागतात. मिलिमीटरचा दशांशबिंदू इकडचा तिकडं झाला तर डायचं वाटोळं होईल. आम्हाला त्याला तीन आठवडे लागले, रोज दुपारचा एक तास. त्या तीन आठवड्यांची मला जराही खंत नाही. काका निवृत्त होऊन गंगाखेडला गेलेत, आणि त्यांच्या नोंदी आता शोधात येतात.

युनिकोड असलं तरी संपत नाही. "दुसऱ्या" हा शब्द घ्या. त्यातला अर्धा ऱ काही कीबोर्ड "ऱ" या वेगळ्या अक्षरापासून बनवतात, तर काही साध्या र ला हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. म्हणून "दुसऱ्या मशीनवर" असं पूर्ण वाक्य शोधण्यापेक्षा "मशीनवर" एवढंच शोधावं.

मग विभक्ती. "साचा" शोधलं तर "साच्यात" सापडत नाही, "आटा" शोधलं तर "आट्याला" सापडत नाही, कारण प्रत्यय लागला की मूळ शब्दच बदलतो. "बोल्ट" आणि "बोल्टला" यांचं जमतं, कारण सुरुवात तीच राहते. आम्ही सगळ्यांना एवढंच सांगितलं की शब्द अर्धा टाका: "साच", "आट". आणि लिहिणाऱ्यांना सांगितलं की नोंदीच्या वरच्या ओळीत शब्द मूळ रूपातही एकदा येऊ द्या.

बेरिंग, बेअरिंग, बेअरींग हा आणखी एक घोळ. शुद्धलेखनाचे नियम लावून तो सुटणार नाही, कारण शोधणारा नियम वाचून शोधत नाही. तिन्ही रूपं वरच्या ओळीत टाका आणि मोकळे व्हा.

नाव बदलण्याचं एक उदाहरण आपल्याच भागातलं आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं आणि उस्मानाबादचं धाराशिव. टायटल ब्लॉकमधले (ड्रॉइंगवरच्या माहितीच्या चौकटीतले) पत्ते आम्ही बदलले, ग्राहकांच्या फोल्डरांची नावंही काही ठिकाणी बदलली. त्यानंतर कितीतरी दिवस एकाच ग्राहकाची जुनी ड्रॉइंगं एका नावाखाली आणि नवी दुसऱ्या नावाखाली सापडत होती. जुना रिव्हिजन शोधणाऱ्याला वाटायचं की तो नाहीच. आता प्रत्येक ग्राहकाला एक न बदलणारा चार आकडी कोड आहे आणि फोल्डर त्या कोडाचं आहे. गावाचं, कंपनीचं, मालकाचं नाव बदललं तरी कोड तोच. दोन्ही नावं नोंदीत लिहिलेली असतात, कुणी कुठलंही शोधो.

नोंदीचं नाव कुणाच्या तोंडचं असावं

आता मूळ दुखण्यावर येते. उत्तर माहीत असलेला माणूस नोंदीला उत्तराचं नाव देतो. शोधणाऱ्याकडं उत्तर नसतं, त्याच्याकडं फक्त लक्षण असतं. बोल्ट मोठा झाला हे लक्षण. टूलबॉक्स (सॉलिडवर्क्समधला तयार बोल्ट-नटांचा संग्रह) कॉन्फिगरेशन हे उत्तर. ज्याला "टूलबॉक्स कॉन्फिगरेशन" हे शब्द सुचले त्याला नोंदीची गरजच उरलेली नसते.

म्हणून आमच्याकडं आता नोंदीचं नाव लक्षणाचं असतं आणि तोंडी भाषेत असतं. परभणीचा माणूस "उघडंना" म्हणतो, नाशिककडचा "उघडत नाहीये" म्हणतो, पुण्याहून आलेली मुलगी "ओपनच होत नाही" म्हणते. तिन्ही वरच्या ओळीत येतात. सुरुवातीला आमच्या मॅनेजर सरांना ही भाषा रुचली नव्हती. ऑडिटला दाखवायची कागदपत्रं अशी कशी, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. ऑडिटच्या कागदांची जागा आम्ही वेगळी ठेवली. ते कागद रीतसर भाषेत असतात, या नोंदी बोलीत असतात.

बोल्टचीच नोंद आता कशी आहे ते जवळपास तशीच देते.

"बोल्ट अचानक मोठा दिसतोय. बोल्ट, नट, वॉशर, स्क्रू भलत्याच साईजचे दिसतात. फाइल दुसऱ्या मशीनवर किंवा ग्राहकाकडून आली की होतं. आपल्या मशीनवर बरोबर दिसतं.

कारण: टूलबॉक्समधला बोल्ट म्हणजे एक पार्ट फाइल आणि तिच्यात प्रत्येक साईजचं एकेक कॉन्फिगरेशन. असेंब्ली फक्त एवढं लक्षात ठेवते की कोणती फाइल आणि कोणतं कॉन्फिगरेशन. दुसऱ्या मशीनवरच्या त्याच नावाच्या फाइलमध्ये ते कॉन्फिगरेशन तयारच झालेलं नसेल तर तिथं जे डीफॉल्ट असेल ते दिसतं.

काय करायचं: सेव्ह करू नका. आधी बंद करा. टूल्स, ऑप्शन्स, होल विझार्ड आणि टूलबॉक्स इथं जा. फोल्डर सर्व्हरवरच्या सामायिक टूलबॉक्सचं आहे का पाहा, नसेल तर करा. मग असेंब्ली परत उघडा. फाइल ग्राहकाची असेल तर त्याच पानावर, टूलबॉक्सचे भाग आधी याच फोल्डरात शोधा अशा अर्थाची जी खूण आहे ती काढा, आणि ग्राहकाकडून बोल्टांच्या फाइलींसकट पॅक अँड गो (असेंब्ली आणि तिच्या सगळ्या फाइली एकत्र बांधून देणारी सोय) मागवा.

नाही झालं तर: तोवर सेव्ह केलं होतं का ते सांगून फोन करा.

करून पाहिलं: कोणत्या आवृत्तीत, कोणत्या तारखेला, कुणी."

यात "सेव्ह करू नका" हे वाक्य "काय करायचं"च्या सुरुवातीलाच आणावं लागलं, कारण पहिल्या मसुद्यात ते शेवटी होतं आणि वाचणारा तिथं पोचेपर्यंत सेव्ह करून मोकळा झाला होता. करायच्या गोष्टींत नुकसान थांबवणारी आधी; बोल्ट मोठा का झाला ते समजलं नाही तरी चालेल. "नाही झालं तर" हा भागही सोडू नका. नोंद वाचून काम झालं नाही आणि पुढं काय ते लिहिलेलं नसलं, तर माणूस पुढच्या वेळी नोंद उघडतच नाही.

पहिला मसुदा कुणी लिहायचा? ज्याला अडलं होतं त्यानं, त्याच दिवशी. जाणकारानं नाही. अडलेल्या माणसाला आपण काय शोधत होतो, कोणत्या शब्दांनी शोधत होतो, हे संध्याकाळपर्यंतच आठवतं. दुसऱ्या दिवशी तोही जाणकार होतो आणि जाणकाराची भाषा बोलायला लागतो. जाणकारानं फक्त चूक दुरुस्त करायची, भाषा बदलायची नाही. हे मला स्वतःला पाळायला फार जड गेलं.

फोल्डर लावताना फाइली मोडू नका

नोंदी शोधात येईनात म्हणून फोल्डरं नीट लावायला बसलात, तर एक धोका आधी समजून घ्या. नोंदींच्या फाइली हव्या तिथं हलवा, काही होत नाही. पण त्याच झपाट्यात पार्ट आणि असेंब्लीच्या फाइली ओढून दुसरीकडं टाकल्या तर संबंध तुटतात. मी हे केलेलं आहे. दिवाळीच्या सुट्टीत एकटीनं बसून सगळं कॉमन लावून टाकलं, आणि सुट्टी संपल्यावर पहिल्याच सकाळी चौघांच्या असेंब्ली उघडेनात.

असेंब्लीच्या फाइलमध्ये पार्ट नसतात, पार्टचे पत्ते असतात. उघडताना सॉलिडवर्क्स ते एका ठरावीक क्रमानं शोधतं. त्या नावाची फाइल आधीच उघडी आहे का, हे सगळ्यात आधी. मग ऑप्शन्समध्ये तुम्ही सांगून ठेवलेली फोल्डरं, मग नुकत्याच वापरलेल्या जागा, आणि मागं सेव्ह करताना नोंदवलेला पत्ता. कुठंच मिळाली नाही तर तुम्हालाच विचारतं.

या क्रमातली पहिली पायरी सगळ्यात घातक आहे, कारण तिथं एररच येत नाही. "बेस प्लेट" नावाची फाइल प्रत्येक जॉबमध्ये असते. एका जॉबची बेस प्लेट उघडी ठेवून दुसऱ्या जॉबची असेंब्ली उघडली की तिच्यात पहिल्या जॉबची प्लेट बसू शकते. भोकं दोन मिलिमीटरनं सरकलेली असतील तर पडद्यावर लक्षातही येत नाही, आणि प्लेट व्हीएमसीवरून (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवरून) उतरून पिन बसेना तेव्हा कळतं. "पार्ट चुकीचा कापला" अशी तक्रार ज्यांच्याकडं वरचेवर येते त्यांनी आधी एकाच नावाच्या किती फाइली आहेत ते मोजावं. यावर एकच इलाज आहे: फाइलचं नाव संपूर्ण सर्व्हरवर एकमेव. आम्ही जॉब नंबर आणि त्यापुढं अनुक्रमांक देतो. "बेस प्लेट" हे शब्द फाइलच्या नावात नाही, डिस्क्रिप्शनच्या रकान्यात जातात.

जुन्या फाइलींची नावं बदलायची तर विंडोजमध्ये बदलू नका. असेंब्ली उघडून, बाजूच्या झाडातूनच (पार्टच्या यादीतूनच) पार्टचं नाव बदला, आणि सेव्ह करताना तो पार्ट जिथं जिथं वापरलाय तिथले पत्तेही बदलायला सांगा. नाही तर ड्रॉइंग मागं राहतं. पूर्ण जॉब दुसरीकडं न्यायचा तर पॅक अँड गो वापरा. तिथंच सगळ्या नावांना पुढं जॉब नंबर जोडता येतो. त्यात ड्रॉइंगं घ्यायची खूण वेगळी करावी लागते, ती विसरली की मॉडेल जातं आणि ड्रॉइंग जुन्या जागी राहतं. आधीच मोडलं असेल तर ओपनच्या खिडकीत असेंब्ली निवडून, उघडण्याआधी, रेफरन्सेसचं बटण दाबा. तिथं प्रत्येक पार्टचा पत्ता दिसतो आणि बदलता येतो. दिवाळीनंतरची ती सकाळ मी तिथंच घालवली.

ऑटोकॅडमध्ये हीच गोष्ट एक्सरेफची, म्हणजे एका ड्रॉइंगला जोडलेल्या दुसऱ्या ड्रॉइंगची. २०१८ च्या आवृत्तीपासून नवा एक्सरेफ जोडताना पत्ता सापेक्ष घेतला जातो, त्याआधी पूर्ण पत्ता घेतला जायचा. म्हणून जुनी ड्रॉइंगं हलवली की जास्त मोडतात. बाहेर पाठवताना ईट्रान्समिट वापरलं की एक्सरेफ आणि फॉन्ट बरोबर जातात. वर लिहिलेली "प्रश्नचिन्ह यायलेत" ही तक्रार बहुतेक वेळा सोबत न गेलेल्या फॉन्टची असते.

आणखी एक छोटी पण त्रासाची बाब: एका मशीनवर सर्व्हर झेड ड्राइव्ह आहे, दुसऱ्यावर वाय. पत्ते त्या अक्षरासकट साठवले जातात. सगळ्या मशीनवर एकच अक्षर ठेवा. यात वाद घालण्यासारखं काही नाही.

फोल्डरात फोल्डर किती खोल जावं याला विंडोजची एक जुनी मर्यादाही आहे: पूर्ण पत्ता २६० अक्षरांचा. त्यापुढं गेलं की काही सॉफ्टवेअरं फाइल उघडत नाहीत, कॉपी अर्धवट राहते. आमच्याकडं ग्राहक, वर्ष, मॉडेल, ऑपरेशन, रिव्हिजन, फायनल, फायनल नवीन असं सात थर खाली जाऊन ती गाठली होती. आता जॉबला तीन थर. नोंदींना तर फोल्डरच नाही, सगळ्या एकाच जागी सपाट पडलेल्या आहेत. बोल्टची नोंद टूलबॉक्समध्ये ठेवायची की इन्स्टॉलेशनमध्ये की ग्राहकाच्या फाइलींमध्ये, हा वाद फोल्डरमुळेच होता. फोल्डर गेलं, वाद गेला. चारेकशे नोंदींपर्यंत आम्हाला यात काही अडचण आलेली नाही.

नोंद सापडली, पण खरी मानावी का

तिसऱ्या प्रकारावर थोडक्यात, पण हा प्रकार पैशाला महाग पडतो. २०१७ ची आमची एक नोंद होती: नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, जुन्या आवृत्तीत सेव्ह करायची सोय नाही, स्टेप फाइल (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी फाइल) करून द्या. लिहिली तेव्हा अक्षर न् अक्षर खरी. पण सॉलिडवर्क्स २०२४ पासून मागच्या दोन आवृत्त्यांपर्यंत सेव्ह करता येतं. आमच्या एका मुलीनं त्या नोंदीवर विश्वास ठेवून पूर्ण असेंब्ली स्टेपमधून पाठवली. पुरवठादाराकडं फीचर (मॉडेल ज्या पायऱ्यांनी बनलं त्या) गेले नाहीत, भोकांची मापं परत घ्यावी लागली, दोन दिवस गेले. तिची चूक काहीच नव्हती. नोंद कोणत्या आवृत्तीसाठी आहे हे नोंदीत नव्हतं.

म्हणून "करून पाहिलं" ही ओळ सक्तीची. तारीख, आवृत्ती, करून पाहणाऱ्याचं नाव. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकली की "होत नाही", "सोय नाही", "शक्य नाही" हे शब्द असलेल्या नोंदी शोधून तेवढ्याच परत तपासायच्या. "होतं" म्हणणाऱ्या नोंदी चुकीच्या ठरल्या तर माणसाला लगेच कळतं, कारण बटण सापडत नाही. "होत नाही" म्हणणारी नोंद चुकीची ठरली तर कुणाला कळतच नाही, कारण कुणी करूनच पाहत नाही.

जुनी नोंद पुसू नका. वर एक ओळ लिहा, "हे आता लागू नाही, अमुक नोंद पाहा". कुणीतरी तिचा पत्ता वहीत लिहून ठेवलेला असतो, कुणाचं मशीन अजून जुन्या आवृत्तीवर असतं. आमच्याकडं दोन मशीन अजून आहेत.

मुळातच नसलेल्या नोंदी

उरला पहिला प्रकार, नोंद नसण्याचा. त्यासाठी सर्व्हरच्या शेजारी एक दोनशे पानी वही दोरीनं बांधून ठेवली आहे. शोधलं आणि सापडलं नाही तर जे शब्द टाकले ते तिथं लिहायचे. नाव लिहायचं नाही, फक्त शब्द. नाव लिहायला लावलं असतं तर नव्या मुलांनी लिहिलंच नसतं, ही गोष्ट मला आमच्या शॉपमधल्या एका ऑपरेटर दादांनी सांगितली आणि ती खरी निघाली.

आठवड्यातून एकदा मी आणि कुणीतरी एक ट्रेनी ती वही घेऊन बसतो. प्रत्येक शब्दाला वरच्या तीनपैकी एक खूण. नोंद असेल तर शोधलेला शब्द तिच्या वरच्या ओळीत टाकायचा. नसेल तर ज्याला अडलं होतं त्याला पुढं यायला सांगायचं आणि त्याच्याकडून लिहून घ्यायचं. अर्धा तास पुरतो. मार्च एंडला राहून जातं, मग पुढच्या आठवड्यात तासभर लागतो.

मागच्या वेळी वहीत एकच शब्द होता: "चिकटंना". दोन मिनिटं आम्ही दोघं बघत बसलो. मग लातूरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, पिन भोकात मेट करायलो तर बसंना, ते." कॉन्सेंट्रिक मेटची, म्हणजे दोन गोल भाग एकाच मध्यरेषेवर जोडण्याची, नोंद २०२१ पासून होती. तिच्या वरच्या ओळीत आता "चिकटंना" आणि "बसंना" दोन्ही आहेत.